फोन दूर गेला की संगणक आपोआप लॉक: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

जागेवरून उठताना संगणक लॉक करायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. घाईत नेमकं तेच राहून जातं. खिशातला फोन किंवा मनगटावरचं घड्याळ लांब गेलं की संगणकानं आपला आपण लॉक व्हावं, ही सोय अशा विसरण्यासाठी आहे. ती बसवायला पंधरा मिनिटं पुरतात. तुमच्या खोलीत ती नीट चालेल अशी जुळवायला मात्र दोन-तीन दिवस द्यावे लागतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून टाका. हातानं लॉक करणं हा पहिला अडसर, आणि फोनच्या अंतरावरून होणारं लॉक हा दुसरा. दुसरा आला म्हणून पहिला काढायचा नाही. विंडोजमध्ये विंडोज-बटण आणि एल, मॅकवर कंट्रोल, कमांड आणि क्यू, लिनक्सच्या ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपांमध्ये सुपर-बटण (म्हणजे विंडोज-बटणच) आणि एल. ही सवय बोटांना असू द्या. आपोआप होणारं लॉक तुम्ही उठल्यापासून अर्धं ते एक मिनिट उशिरा येतं, आणि मधल्या काळात संगणक उघडाच असतो.

संगणकाला अंतर कळतं कसं

खरं सांगायचं तर कळत नाही. संगणकाला दिसते ती फक्त ब्लूटूथ सिग्नलची ताकद, आणि त्यावरून तो अंतराचा अंदाज बांधतो. या ताकदीच्या आकड्याला आरएसएसआय म्हणतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल सुमारे ६ डेसिबलनं घटतो. १० डेसिबल घट म्हणजे अंतर साधारण तिप्पट. पण खोली मोकळी नसते. भिंतींवरून, कपाटांवरून परावर्तित होऊन आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, आणि खुर्चीत नुसतं वळलं तरी आकडा ८-१० डेसिबलनं हलू शकतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि ही वारंवारता पाण्यात चांगलीच शोषली जाते. माणसाचं शरीर बहुतांशी पाणीच. म्हणून फोन मागच्या खिशात असला तर तुम्ही संगणकासमोर बसलेले असूनही तो ‘दूर’ दिसतो.

दुसरी अडचण आकड्याच्या अर्थाची आहे, आणि नवखे इथेच सर्वाधिक गोंधळतात. ब्लूटूथ दोन प्रकारचं असतं. कमी ऊर्जेच्या प्रकारात, म्हणजे ब्लूटूथ लो एनर्जीत, आरएसएसआय हा थेट डीबीएममधला, म्हणजे सिग्नलच्या प्रत्यक्ष ताकदीच्या एककातला आकडा असतो: जवळ −४० ते −६०, लांब −८० ते −९५. जुन्या, ‘क्लासिक’ प्रकारात तो सापेक्ष असतो. सिग्नल ठरलेल्या चांगल्या पट्ट्यात असेल तर आकडा ०, पट्ट्याच्या खाली घसरला तर उणे, वर गेला तर अधिक. हा पट्टा २० डेसिबल रुंद असतो. शिवाय तुम्ही लांब जाल तसा फोन स्वतःची प्रक्षेपणशक्ती वाढवून सिग्नल त्या पट्ट्यात ठेवू पाहतो. त्यामुळे खोलीभर फिरलात तरी आकडा ०च राहतो आणि दाराबाहेर गेल्यावर एकदम −५, −१२ असा कोसळतो. काहीच बिघडलेलं नाही. मोजमापच तसं आहे. एका प्रकारासाठी वाचलेला आकडा दुसऱ्या प्रकाराच्या प्रोग्रॅममध्ये भरू नका.

कोणतं उपकरण घ्यावं

जे अंगावरच राहतं ते. फोन टेबलावर ठेवून पाणी प्यायला जायची सवय असेल तर ही सगळी मांडणी फुकट आहे, कारण संगणकाच्या दृष्टीनं तुम्ही उठलेलाच नसता. अशांनी स्मार्टघड्याळ वापरावं, मात्र आपली प्रणाली किंवा प्रोग्रॅम त्याला ओळखतो का ते आधी पाहावं. बरेच फिटनेस बँड एकदा फोनला जोडले गेले की इतरांना दिसेनासे होतात, म्हणून ते उपयोगी पडतीलच असं नाही. इअरबड नकोतच: डबीत ठेवले की बंद होतात आणि तुम्ही समोर बसलेले असताना संगणक लॉक होतो. किल्ल्यांना लावायचा छोटा बीकन चालतो, पण तो ठरावीक अंतरानं नुसती घोषणा करत असतो आणि ती घोषणा कुणालाही ऐकता आणि नकलता येते. दोन घोषणांमधलं अंतर २० मिलिसेकंदांपासून १०.२४ सेकंदांपर्यंत असू शकतं. बीकन जितका सावकाश बोलतो तितकी तुमची वाट पाहण्याची मुदत जास्त हवी. पाच घोषणा हुकेपर्यंत तरी लॉक करू नये.

विंडोजवर

विंडोजमध्ये ही सोय अंगचीच आहे, नाव ‘डायनॅमिक लॉक’. ती २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीत आली आणि विंडोज ११ मध्येही आहे. वेगळं काही उतरवून घ्यायला नको.

१. फोनवर ब्लूटूथ चालू करा आणि फोनच्या ब्लूटूथ सेटिंगचं पान उघडं ठेवा. ते उघडं असेपर्यंतच फोन नव्या उपकरणांना दिसतो.

२. संगणकावर सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’ उघडा, ‘अ‍ॅड डिव्हाइस’ आणि मग ‘ब्लूटूथ’ निवडा. यादीत फोनचं नाव आलं की त्यावर क्लिक करा.

३. दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या येते. ती एकच आहे ना, हे बघून मगच दोन्हीकडे होकार द्या.

४. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स या क्रमानं जा. खाली ‘डायनॅमिक लॉक’ मिळेल. त्यातल्या एकमेव चौकोनात खूण करा.

५. आता ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘अकाउंट प्रोटेक्शन’ पाहा. जोडलेला फोन सापडत नसेल तर डायनॅमिक लॉक चालत नसल्याची सूचना इथे दिसते. चौकोनात खूण असणं म्हणजे लॉक चालू असणं नव्हे, म्हणून ही पायरी गाळू नका.

फोन पल्ल्याबाहेर गेल्यावर साधारण मिनिटभरात लॉक होतं. एक बारकावा फार कमी जणांना ठाऊक असतो: सिग्नल घसरला आणि संगणक निष्क्रिय असला, तरच डायनॅमिक लॉक काम करतं. तुम्ही उठताक्षणी दुसऱ्या कुणी माउस हलवायला सुरुवात केली तर लॉक होणार नाही. हा दोष दुरुस्त करता येत नाही, ती रचनाच तशी आहे. पहिला अडसर का सोडायचा नाही, त्याचं सगळ्यात ठोस कारण हेच.

पल्ला बदलायचा पर्याय सेटिंग्जमध्ये नाही. प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत ग्रुप पॉलिसी एडिटर असतो. त्यात कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, ‘विंडोज हॅलो फॉर बिझनेस’ असं गेलं की ‘कॉन्फिगर डायनॅमिक लॉक फॅक्टर्स’ मिळतं. तिथल्या नियमात तीन गोष्टी असतात. उपकरणाचा वर्ग ५१२, म्हणजे फोन. (अंगावर घालायच्या उपकरणांचा तो १७९२.) ‘जवळ आहे’ असं मानण्यासाठी लागणारी किमान ताकद −१०. आणि किती घट झाली की लॉक करायचं, तेही −१०. हे आकडे एवढे लहान का, ते वर आलंच आहे: मोजमाप सापेक्ष आहे. मूळ आकडे साधारण कचेरीच्या खोलीत फिरता यावं अशा बेतानं ठेवलेले आहेत. पहिला आठवडाभर त्यांना हात लावू नका. ज्यांच्याकडे होम आवृत्ती आहे त्यांना हा एडिटर मिळत नाही, आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या कुणाच्याही रजिस्ट्री फायली आंधळेपणानं चालवण्यापेक्षा मूळ पल्ल्यावर राहिलेलं बरं.

मॅकवर

मॅकमध्ये अ‍ॅपल वॉचनं संगणक उघडण्याची सोय आहे, पण घड्याळ दूर गेलं म्हणून लॉक करण्याची नाही. त्यासाठी बाहेरचा प्रोग्रॅम लागतो. ‘बीएलईअनलॉक’ हा मुक्तस्रोत प्रोग्रॅम त्यातला भरवशाचा. तो बसवल्यावर वरच्या मेनूपट्टीत येतो, तिथून आपलं उपकरण निवडायचं. नंतर चार आकडे बघायचे: कितीच्या खाली लॉक, कितीच्या वर अनलॉक, लॉक करण्याआधी किती थांबायचं, आणि सिग्नल पूर्णपणे नाहीसा झाल्यावर किती थांबायचं. तुम्ही समोर बसलेले असताना ‘सिग्नल हरवला’ म्हणून लॉक होत असेल, तर ताकदीचा आकडा बदलू नका. शेवटची मुदत वाढवा. फोन बॅटरी वाचवण्यासाठी कमी वेळा बोलतो, त्याचा हा परिणाम असतो.

अनलॉकची सोय वापरायची तर हा प्रोग्रॅम तुमचा पासवर्ड मागतो आणि मॅकच्या ‘किचेन’ या पासवर्ड-साठ्यात ठेवतो. नुसतं लॉक हवं असेल तर अनलॉकचा पर्याय बंदच ठेवा.

सिस्टम सेटिंग्जमधल्या ‘लॉक स्क्रीन’ विभागात एक गोष्ट तपासायची आहे: पडदा बंद झाल्यावर किंवा स्क्रीनसेव्हर लागल्यावर पासवर्ड ‘लगेच’ मागितला गेला पाहिजे. तिथे पाच मिनिटं ठेवलेली असतील तर पडदा काळा होईल, पण कुणीही कळ दाबली की संगणक उघडेल.

लिनक्सवर

इथे थोडी मेहनत आहे, पण ताबा पूर्णपणे तुमच्याकडे राहतो. पुढे आलेली आज्ञांची नावं टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

आधी ‘ब्लूटूथसीटीएल’ चालवून त्यात स्कॅन सुरू करा, फोनचा पत्ता टिपून घ्या, मग ‘पेअर’ आणि ‘ट्रस्ट’ या दोन आज्ञा त्या पत्त्यासह द्या. पत्ता म्हणजे सोळाच्या पायातल्या दोन-दोन अंकांचे सहा गट. फोन लो एनर्जी प्रकारात जो पत्ता दाखवतो तो खासगीपणासाठी साधारण दर पंधरा मिनिटांनी बदलतो. म्हणून स्कॅनमध्ये सहज दिसलेला पत्ता घेऊ नका. जोडणी झाल्यावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत असतो, तो कायमचा पत्ता घ्या. ‘काल चाललं, आज चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हाच बदलता पत्ता असतो.

मग एक छोटी स्क्रिप्ट लिहायची. तिचा क्रम असा:

१. दर १० सेकंदांनी ‘एचसीआयटूल नेम’नं फोनला त्याचं नाव विचारा. उत्तर आलं तर फोन पल्ल्यात आहे. फोन इतरांना दिसत असण्याची गरज नाही, पत्ता माहीत असला की पुरे.

२. उत्तर आलं नाही तर चुकांचा आकडा एकनं वाढवा. आलं तर तो शून्य करा.

३. सलग तीन चुका झाल्या की लॉक करा. एका चुकीवर कधीही नाही.

४. एकदा लॉक केल्यावर ‘लॉक केलंय’ अशी नोंद ठेवा आणि फोन पुन्हा दिसेपर्यंत परत लॉक करू नका.

चौथी पायरी विसरली तर काय होतं ते ऐका. फोनची बॅटरी संपते, संगणक लॉक होतो, तुम्ही पासवर्ड टाकून आत येता, आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा बाहेर. फोन चार्ज होईपर्यंत स्वतःच्याच संगणकावर काम करता येत नाही.

दहा सेकंदांऐवजी दोन सेकंद ठेवून फायदा नाही. फोन उत्तर देत नसेल तर ब्लूटूथ चिप ठरावीक वेळ थांबते, आणि ती मुदत सहसा ५.१२ सेकंदांची असते. त्याहून लवकर विचारलं तर प्रश्न एकमेकांवर चढतात, आणि तुमचा ब्लूटूथ माउस किंवा हेडफोन अडखळायला लागतात. ‘एल२पिंग’नंही हेच काम होतं, पण त्याला रूटचे, म्हणजे व्यवस्थापकाचे अधिकार लागतात. ‘एचसीआयटूल’ आता जुनं ठरवलं गेलंय. नव्या वितरणांत ते वेगळ्या पॅकेजात असू शकतं, आधी तपासा. नाव विचारण्याच्या या पद्धतीत फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच कळतं. मधली ताकद हवी असेल तर फोनशी जोडणी सतत चालू ठेवावी लागते, कारण क्लासिक प्रकारात आरएसएसआय जोडणी असतानाच मिळतो. नवख्यांनी ‘आहे-नाही’वरच सुरुवात करावी.

लॉक करायला ‘लॉगिनसीटीएल’ची ‘लॉक-सेशन’ ही आज्ञा वापरा आणि तिला सेशनचा, म्हणजे तुमच्या चालू लॉगिनचा क्रमांक द्या. स्क्रिप्ट सिस्टमडीची यूजर सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणारं काम म्हणून चालवली तर ती तुमच्या सेशनच्या बाहेर असते. क्रमांक दिला नाही तर आज्ञा कोणाला लागू करायची हे तिला कळत नाही. ग्नोम आणि केडीई या आज्ञेचा संकेत ऐकतात. हलके विंडो मॅनेजर ऐकत नाहीत. तिथे ‘एक्सएसएस-लॉक’ किंवा ‘स्वेआयडल’ मध्ये बसवावं लागतं. आधी टर्मिनलमधून हाताने आज्ञा देऊन पडदा खरंच लॉक होतो का बघा, आणि मगच ती स्क्रिप्टमध्ये घाला.

लॉकचा आकडा ठरवताना

ज्या प्रोग्रॅममध्ये डीबीएमचा आकडा भरता येतो, तिथे अंदाजानं काही भरू नका. दहा मिनिटं नेहमीसारखं काम करा: फोन उजव्या खिशात, डाव्या खिशात, मागे, पिशवीत. या काळात दिसलेला सगळ्यात कमजोर आकडा लिहून ठेवा. मग जिथं पोचल्यावर लॉक व्हायलाच हवं तिथं, म्हणजे दाराबाहेर किंवा जिन्यापाशी, दोन मिनिटं थांबा आणि तिथला सगळ्यात जोरकस आकडा लिहा. समजा पहिला −७२ आला आणि दुसरा −८४. मग लॉकचा आकडा −७८ च्या आसपास. दोन्हींत ५ डेसिबलचंही अंतर नसेल तर आकड्यांशी झगडण्यात अर्थ नाही; त्या खोलीत ताकदीवरून निर्णय होणार नाही. तिथे ‘सिग्नल पूर्ण गेला’ एवढ्यावरच लॉक ठेवा.

‘दूर’ आणि ‘परत जवळ’ यांचे आकडे एकच ठेवू नका. −७८ ला दूर मानलं तर −६८ च्या वर आल्यावरच जवळ माना. नाहीतर सीमेवर उभं राहिल्यावर आकडा वर-खाली होत राहतो आणि संगणक दर क्षणी निर्णय बदलतो. एकेका आकड्याऐवजी शेवटच्या पाच-सहा आकड्यांची सरासरी घेतली तर आणखी स्थिरता येते. त्या बदल्यात लॉक काही सेकंद उशिरा होतं.

चाचणी

दुसऱ्या एखाद्या फोनवर पडद्याचं चित्रण सुरू करा. कीबोर्ड-माउसला हात न लावता पहिला फोन घेऊन बाहेर जा, दार लावा, दोन मिनिटांनी परत या. चित्रणावरून लॉकला नक्की किती सेकंद लागले ते कळेल. दार उघडं ठेवून एकदा, फोन पिशवीत ठेवून एकदा, आणि उलट दिशेनं, म्हणजे दोन तास जागेवर बसून विनाकारण लॉक होतं का, तेही पाहा. विंडोजवर ऑडिट धोरणात लॉगऑन-लॉगऑफच्या इतर घटनांची नोंद चालू केली तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लॉकसाठी ४८०० आणि अनलॉकसाठी ४८०१ हे क्रमांक वेळेसकट मिळतात.

सहसा काय बिघडतं

विनाकारण लॉक होत असेल तर आधी वीज वाचवणाऱ्या सोयींवर संशय घ्या. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टरच्या गुणधर्मांत ‘पॉवर मॅनेजमेंट’ असतं. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी काढून टाका. फोनवर बॅटरी सेव्हर चालू असेल तर तोही पाहा.

टेबलाखालच्या पेटीवजा संगणकात मागच्या बाजूला यूएसबी डोंगल खोचलेला असेल, तर त्याच्या आणि तुमच्यामध्ये अख्खा पत्र्याचा डबा असतो. त्यातच यूएसबी ३ ची पोर्ट आणि केबली २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. अर्धा-एक मीटरची एक्सटेन्शन केबल लावून डोंगल टेबलावर आणा आणि बाहेरच्या हार्डडिस्कपासून लांब ठेवा. एवढ्यानंच पुष्कळदा प्रश्न सुटतो.

लॉकच होत नसेल तर पल्ला जास्त आहे. काही अ‍ॅडॅप्टर क्लास १ चे, म्हणजे १०० मिलिवॅटपर्यंतचे असतात. नेहमीचे क्लास २ चे २.५ मिलिवॅटचे. क्लास २ चा पल्ला मोकळ्यात १० मीटरच्या आसपास धरतात, क्लास १ चा १०० मीटरपर्यंत. लहान घरात एका टोकाचा संगणक दुसऱ्या टोकाच्या फोनला सहज पकडतो. तिथे शेजारच्या खोलीत गेल्यावर लॉक होईल ही अपेक्षा सोडा आणि वेळेवर चालणारं लॉक जोडीला लावा: पाच मिनिटं कुणी कळ दाबली नाही की लॉक. खरं तर हा तिसरा अडसर सगळ्यांनीच ठेवावा, कारण फोन टेबलावर आणि हातानं लॉक करायलाही विसरलात तर उपयोगी पडेल असा तो एकच आहे.

लॉक झालं म्हणून चालू काम थांबत नाही. डाउनलोड, बॅकअप पडद्यामागे चालूच राहतात. थांबत असतील तर संगणक झोपी जातोय. तो वेगळा सेटिंग आहे.

जवळ आलं की आपोआप उघडावं का

सोय मोहाची आहे, पण माझा स्पष्ट सल्ला: नको. लॉकमध्ये चूक झाली तर फार तर एकदा जास्तीचा पासवर्ड टाकावा लागतो, उघडण्यात चूक झाली तर संगणक दुसऱ्याच्या हाती जातो. मधोमध दोन यंत्रं ठेवून फोनचा सिग्नल लांबवर पोचवता येतो, याला रिले हल्ला म्हणतात. २०२२ मध्ये एनसीसी ग्रुपच्या संशोधकांनी अशाच रीतीनं ब्लूटूथ लो एनर्जीवर चालणारी मोटारीची किल्ली फसवून दाखवली होती. वर दिलेल्या स्क्रिप्टसारखी नुसत्या पत्त्यावर विसंबलेली पद्धत तर आणखी कच्ची, कारण पत्त्याची नक्कल करता येते. उघडण्यासाठी बोटाचा ठसा किंवा पिन वापरा. दोन सेकंदांचं काम आहे.

फोन बदललात तर

नवा फोन जोडा, आणि जुना संगणकाच्या ब्लूटूथ यादीतून काढून टाका. स्क्रिप्ट असेल तर तिच्यातला पत्ताही बदला. जुना फोन चार्ज असलेल्या अवस्थेत टेबलाच्या खणात पडून राहिला आणि त्याचं ब्लूटूथ चालू राहिलं, तर संगणकाला तुम्ही चोवीस तास समोरच बसलेले दिसता. बदल झाल्यावर दार लावून करायची दोन मिनिटांची चाचणी पुन्हा एकदा घ्या.